कवळीवाल्याची फरशी

कवळीवाल्याने बायको मारली आणि आपल्याच कारखान्याच्या फरशीखाली पुरली, ही गोष्ट त्या गल्लीत कुणी कुणाला मोठ्याने सांगितली नाही, आणि तरी ती ऐकली नाही असा माणूस गल्लीत नव्हता. नवा भाडेकरू सामान उतरवून पहिला चहा पिईपर्यंत ती त्याच्या कानावर गेलेली असायची. सांगणारा आधी दार लोटून घ्यायचा, मग "आपल्याला काय करायचंय म्हणा" असं म्हणायचा, आणि मग तासभर तेच करायचा.

गोष्टीचं माहेर म्हणजे समोरच्या माडीवरच्या खिडकीवाल्या काकू. त्यांच्या खिडकीला पडदा होता, पण तो काकू दिसू नयेत म्हणून. काकूंना दिसू नये अशी सोय त्या पडद्यात नव्हती. त्यांचं म्हणणं चार वाक्यांत मावायचं. कवळीवाल्याची बायको मंगळवारी वाळत घातलेले कपडे काढताना दिसली. बुधवारी दिसली नाही. पुढच्या सोमवारी दारात सिमेंटची पोती उतरली. "आणि इतकी वर्षं त्या खोलीला ओल होती तेव्हा या माणसाला फरशी सुचली नाही, ती नेमकी त्याच आठवड्यात सुचली." एवढं सांगून काकू गप्प बसायच्या. पुढचं ऐकणाऱ्यानेच म्हणावं, आपल्या तोंडाला पाप नको, अशी त्यांची पद्धत.

बायकोच्या माहेरचं कुणी विचारायला आलं नाही. त्याचाही अर्थ काकूंकडे तयार होता. घाबरले असतील बिचारे.

मागे राहिली ती चार वर्षांची मुलगी. ही गोष्ट तिची आहे. आज ती पंचेचाळिशीची आहे आणि बापाचा धंदा तीच चालवते. तिचा वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला आहे, रांगेत मध्येच घुसणाऱ्या माणसासारखा. म्हणून शाळेत तिला सुळी म्हणत, आणि गल्ली अजून तेच म्हणते. गावभर दात बसवणाऱ्या बापाने घरचा एक दात सरळ केला नाही, यावर लोकांनी पुष्कळ करमणूक करून घेतली. बाप म्हणायचा, "असू दे तसाच." कारण सांगायचा नाही.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. खिडकीखाली कामाचं टेबल, त्यावर मेणाची वाटी, दिवा, कानशी, पॉलिशचं चाक. मागच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर पांढरे जबडे. गावात ज्याने ज्याने कवळी करून घेतली त्याच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा तिथे बसलेला. शिक्षक, टपालवाला, दोन वकील, सगळे आ वासून. मोठमोठ्या गप्पा मारणारी माणसं त्या फळीवर एका ओळीत मुकाट बसलेली पाहिली की सुळीला लहानपणी हसू यायचं.

बापाचे धंद्यातले नियम दोनच. पहिला, साच्यावर नंबर आणि तारीख खिळ्याने कोरायची ती प्लास्टर ओलं असताना. "ओल्यात लिहिलेलं खरं," तो म्हणायचा. "वाळल्यावर कुणीही काहीही खरवडतो." नंबर घातला की लगेच वहीत त्याच्यापुढे पत्ता, कारण कवळी पोचवायची असते. दुसरा नियम, माणूस जिवंत आहे तोवर त्याचा साचा टाकायचा नाही, आणि माणूस गेला की ठेवायचा नाही. मयताची बातमी आली की तो नंबर शोधून साचा खाली काढायचा, दारातल्या दगडावर ठेवायचा आणि हातोडीने एका घावात फोडायचा. गल्लीत कोण गेलं हे काकूंच्या आधी कळण्याचा तेवढा एकच मार्ग होता, आणि काकूंना त्या हातोडीचा फार राग होता.

सुळीने बापाला आईबद्दल कधी विचारलं नाही. तिचा हिशोब सरळ होता. विचारलं आणि तो नाही म्हणाला, तर खरं वाटणार नाही. हो म्हणाला, तर संध्याकाळी त्याला वाढायचं कुणी? त्यापेक्षा मेण वितळवलेलं बरं.

एकदा लग्न जमत आलं होतं. मुलगा वजनकाटे दुरुस्त करायचा, हाताने हलका, स्वभावाने त्याहून. त्याची आई घर बघायला आली. चहा संपेपर्यंत तिने मुलीकडे पाहिलंच नाही, नजर खाली. शेवटी कप ठेवून म्हणाली, "फरशी छान झालीये हो." आणि उठली. पुढे निरोपही आला नाही. सुळी रडली नाही. तिने त्या दिवशी दोन कवळ्या पॉलिश केल्या.

पण एक गोष्ट तिच्यापाशी होती, जी तिने कुणाला सांगितली नसती. त्या अफवेची तिला ऊब होती. शाळेत एक मुलगी होती, जिची आई कुणाबरोबर तरी निघून गेली होती. ती मुलगी मान खाली घालून चालायची. सुळी मान वर करून चालायची. मारून टाकलेली आई सोडून गेलेली नसते. बाप खुनी असेल, पण आईला आपण हव्या होतो. हा सौदा तिने लहानपणीच मनाशी केला होता, आणि त्यावर ती चाळीस वर्षं तगली होती.

तीन वर्षांपूर्वी बापाला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरले चार शब्द: हो, नाही, पाणी, आणि एक शिवी. त्यातल्या त्यात शिवी सगळ्यात स्पष्ट यायची. गिऱ्हाईकं म्हणायची, म्हातारा सुधारतोय.

मग या वर्षी गल्लीतला गटाराचा जुना नळ फुटला आणि त्याचं पाणी घराघरात उलटं यायला लागलं. नगरपालिकेने नवी लाइन टाकायचं ठरवलं. मुकादम कागद घेऊन आला, खडूचा तुकडा कानावर. त्याने कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात, फळ्यांच्या पायाशी, एक पांढरी रेघ ओढली.

"ताई, इथून जाणार. तीन फूट खाली. ते जबडे तेवढे हलवून घ्या, मला त्यांच्यासमोर काम व्हायचं नाही."

बाप खिडकीशी खुर्चीत बसला होता. तो उठला. तीन वर्षांत आधाराशिवाय न उठलेला माणूस टेबलाला टेकत, भिंतीला टेकत मागच्या कोपऱ्यापर्यंत गेला, खुर्ची डाव्या हाताने फरफटत, ती बरोबर त्या रेघेवर ठेवली आणि तिच्यावर बसला.

"नाही," तो म्हणाला.

"आजोबा, सरकारी काम आहे."

"नाही." आणि मग चौथा शब्द.

मुकादमाने सुळीकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. तोही याच गावचा होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "आठ दिवस आहेत ताई," तो दाराकडे सरकत म्हणाला. "तुमचं काय ते ठरवा. मला आपली नोकरी करायचीये."

समोरच्या माडीवर पडदा हलला. तासाभरात गल्लीत सगळ्यांच्या घरी मीठ, साखर, सुईदोरा असलं काहीतरी संपलं आणि सगळ्या बायका एकमेकींच्या दारात उभ्या राहिल्या.

काकू स्वतः जिना उतरून आल्या. गुडघे दुखत असताना आल्या, यावरून प्रसंगाची थोरवी ओळखावी. "अगं, आता या वयात त्यांना काय करणारेत," त्या सुळीच्या दंडाला धरून म्हणाल्या. "फासावर थोडंच देतायत. उघडं होऊन जाऊ दे एकदा. त्या माऊलीला तरी मोकळीक."

"काकू, तुमचे वरचे दात सैल झालेत," सुळी म्हणाली. "बोलताना खाली येतात. उद्या घेऊन या, घट्ट करून देते." काकूंनी तोंड मिटलं ते जिना चढेपर्यंत उघडलं नाही.

ती आत आली. बाप तसाच रेघेवर बसलेला. दुपार होती, भात निवत होता. तिने ताट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्यासमोर फरशीवर बसली.

"बाबा, एकच विचारते. आई इथे खाली आहे?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. डावा डोळा भरून आला, उजवा कोरडाच राहिला, तो तसाही कधी मिटत नसे.  मग त्याने मान हलवली.

"हो."

एकेचाळीस वर्षं जो प्रश्न तिने गिळला होता, त्याचं उत्तर असं एका अक्षरात येऊन पडलं. तिने त्याला भरवलं, तोंड पुसलं, ताट विसळलं. आठ दिवसांनी खणतील. खणतील तेव्हा दिसेल. नगरपालिका पोलिसांना बोलावेल, आणि बोलता न येणाऱ्या माणसाला कोठडीत पाणी मागायला एक शब्द उरला होता. तिने ठरवलं, आधी आपणच खणायचं. आई काढायची, कुठेतरी नीट ठेवायची, आणि मग मुकादमाला हवं तेवढं खणू द्यायचं.

त्यासाठी फळ्या रिकाम्या करायला हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिने कारखाना बंद ठेवला, बापाला आतल्या खोलीत निजवलं आणि साचे उतरवायला सुरुवात केली. सगळ्यात खालच्या फळीवर, दोन वकिलांच्या मागे, भिंतीला टेकून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आत जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले पाच साचे.

पहिला तिने उजेडात धरला आणि तिला वाटलं, हे आपलंच तोंड. वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला. पण दाढा झिजलेल्या होत्या, तिच्या तशा नव्हत्या. दुसऱ्या साच्यात मागच्या दोन दाढा नाहीत. तिसऱ्यात पुढचे दोन दात गेलेले, सुळा मात्र ठाम. चौथ्यात सुळा एकटाच उभा. पाचव्यात नुसत्या हिरड्या. एक तोंड हळूहळू म्हातारं होत गेलेलं तिने पाच वेळा हातात फिरवलं.

मग तिने साचे उलटे केले. तारखा होत्या, ओल्यात कोरलेल्या, कडा गोल झालेल्या. पहिली तारीख फरशी घातल्यानंतर सहा वर्षांची. शेवटची चार वर्षांपूर्वीची, झटक्याच्या आदल्या वर्षीची.

आणि पाचही साचे अखंड होते.

ती तिथेच बसून राहिली. बापाने खोटं सांगितलं होतं. पण त्याच्या हाताला खोटं जमलं नव्हतं. जगापासून लपवायच्या बाईचे साचे घेतानाही त्याने खिळा उचलून नंबर घातला होता, आणि नंबर घातला म्हणजे तो वहीत चढला. तिने वही काढली. पाचही नंबरांपुढे नावाची जागा कोरी होती. पत्ता मात्र पाचही वेळा तोच, सुवाच्य अक्षरात: नदीपलीकडचं गाव, घड्याळाच्या दुकानावर, दुसरा मजला. म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी बाप प्लास्टर आणायला म्हणून जिथे दिवसभर जायचा, तेच गाव. दोन तासांचा रस्ता.

तिने शेजारणीला बापाकडे बसवलं आणि कामाची पिशवी खांद्याला लावली. पिशवी कशाला, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हाताची सवय.

दार उघडलं ते एका ठेंगण्या, ताठ म्हातारीने. बोटात अंगुस्तान, खांद्यावर दोरा. मागे एक खोली: एक खाट, एक खुर्ची, एक कप, आणि शिंप्याकडून काजं करायला आलेल्या शर्टांचा ढीग. तिने सुळीचा चेहरा पाहिला, मग तोंड पाहिलं आणि तिथे तिची नजर थांबली.

"तो गेला का?" म्हातारीने विचारलं.

"नाही. झटका आला. बोलता येत नाही."

"कधी?"

"तीन वर्षं झाली."

"तरीच," म्हातारी म्हणाली आणि बाजूला झाली. सुळी आत आली तेव्हा ती जबड्याला हात लावून दाखवत होती. "खालची टोचते. इथे डावीकडे. जेवताना काढूनच ठेवते आता. तुला येतं का काम?"

"येतं."

सुळीने कवळी हातात घेतली. बापाचं काम होतं, कडा पाहूनच ओळखू आली. तिने म्हातारीला तोंड उघडायला सांगितलं. हिरडीवर लाल रेघ होती. कवळीवर त्याच जागी पेन्सिलने खूण केली, कानस काढली, खिडकीशी उभं राहून दोन-तीन वेळा घासली, धुऊन परत दिली.

"चावून बघा."

म्हातारीने चावलं. "बरं झालं." मग जरा वेळाने, "त्याच्यासारखाच हात आहे तुझा."

एवढं कौतुक त्या भेटीत झालं. तू कशी आहेस, लग्न केलंस का, जेवलीस का, यातलं काही म्हातारीने विचारलं नाही. ती परत काजाला बसली. सुळी उभीच होती, कारण खुर्ची एकच होती.

"तुम्ही का गेलात?"

म्हातारीने दोरा दाताने तोडायला तोंडाशी नेला, मग आठवून कात्री घेतली. "त्याला पहिल्यांदा म्हटलं, फरशी नाही, ओल येते, माझे पाय गारठतात. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं आणि भावाकडे आले. दहा दिवसांनी तो आला. सिमेंटने हात फाटलेले. म्हणाला, फरशी केली, चल. मी म्हटलं, फरशी नव्हे रे. मग काय, म्हणाला. मी म्हटलं, पोर."

सुळीने हातातली कानस पिशवीत ठेवली.

"चार वर्षं वाट पाहिली," म्हातारी सुईकडे बघत म्हणाली. "आज माया वाटेल, उद्या वाटेल. सगळ्या बायकांना वाटते म्हणे. एका दुपारी तू मागच्या पाण्याच्या टाकीच्या काठावर चढलीस. मी दारात होते. उतर म्हणायचं होतं, म्हटलं नाही. बघत उभी राहिले, पडतेस का. तू आपली आपण उतरलीस. दुसऱ्या दिवशी मी निघाले. तुझ्यात वाईट काही नव्हतं. तू शहाणी होतीस."

"गावात म्हणतात, त्यांनी तुम्हाला मारलं."

"त्याने सांगितलंय मला. त्याला म्हटलं होतं, मेली म्हणून सांग पोरीला. तर म्हणाला, सांगायला नकोच, लोकांनीच काहीतरी ठरवलंय, तेच बरं आहे. तिला कळायला लागेल तेव्हा बापाचा राग येईल, पण आपण नकोशा होतो असं वाटणार नाही." तिने काज संपवलं, गाठ मारली. "मला तेव्हाच वाटलं होतं, हे काही फार दिवस टिकणार नाही. टिकलं."

निघताना म्हातारीने दारात तिला थांबवलं. सुळी वळली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं, ते म्हातारीने पाहिलं नाही, ती तोंडातली कवळी जिभेने चाचपत होती.

"ही आता जुनी झाली. नवी करशील तर माप घेऊन जा. झाली की टपालाने पाठव. तू येऊ नको."

सुळी परत आत गेली. पिशवीत सगळं होतं. तिने माप घेतलं.

घरी आल्यावर तिने आधी तेच काम केलं. प्लास्टर भिजवलं, मापात ओतलं, टेबलावर आपटून बुडबुडे काढले. बाप खुर्चीत होता, खुर्ची रेघेवर. साचा हाताला गरम लागायला लागला तशी तिने खिळा घेतला आणि ओल्यात नंबर आणि तारीख कोरली. वहीत नंबरापुढे पत्ता लिहिला. नावाची जागा कोरी ठेवली. बापाला ती टेबलाची बाजू दिसत होती. त्याच्या तोंडातून काहीतरी निघालं जे चारांपैकी कुठल्याच शब्दासारखं नव्हतं.

"काय बाबा?" ती म्हणाली. "प्लास्टर आणायला गेले होते. चांगलं मिळालं."

 त्याने डोळे पुसायला डावा हात उचलला, आणि तो एकाच डोळ्यापर्यंत पोचला.

आठव्या दिवशी मुकादम आला. बरोबर दोन मजूर, दारात पहारी. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या, काकू तर अर्ध्या बाहेर. सुळी दारात उभी राहिली. खणू दिलं असतं, तर बापावरचा डाग तासाभरात धुतला गेला असता. खाली काही नाही हे सगळ्या गल्लीने बघितलं असतं. मग काकूंनी विचारलं असतं, मग ती गेली कुठे? आणि गल्लीने ते शोधून काढलं असतं; गल्लीच्या हातून असली कामं राहत नाहीत. काही सापडेल ही भीती म्हाताऱ्याला कधीच नव्हती. काहीच सापडणार नाही, म्हणून तो रेघेवर बसला होता.

"इथून नाही," ती म्हणाली. "मागच्या अंगणातून न्या. पाण्याची टाकी आहे ती फोडा."

"ताई, टाकी चांगली आहे."

"फोडा."

मुकादमाने मजुरांकडे पाहिलं. तिघांनाही हायसं वाटलं. "तुम्हीपण ना ताई," तो हळूच म्हणाला, आणि पुढचं बोलला नाही.

काकू बोलल्या. त्याच दिवशी माडीवर चहा झाला. "पोरीलाही माहीत होतं हो," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. दोघं मिळून सांभाळून आहेत. आपल्याला काय करायचंय म्हणा."

म्हातारा त्या वर्षाअखेरीस गेला. सुळीने त्याच्या स्वतःच्या कवळीचा साचा उतरवून दारातल्या दगडावर फोडला. डब्यातले सहा तसेच आहेत. नवी कवळी टपालाने गेली. पोच आली नाही. सुळी आता मान खाली घालून चालते. गल्ली म्हणते, पापाचा भार आहे.

त्या फरशीखाली माती आहे, आणि मातीखाली माती. कवळीवाल्याने बायकोला बोटही लावलं नव्हतं. ती नदीपलीकडच्या गावात घड्याळाच्या दुकानावर राहते आणि शर्टांची काजं करते. तिला मुलगी नको होती.